हेडरला हात लावू नको

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी गुरुनाथ बिराजदार सरांचं नाव घेतो. हे मी आईसमोरही बोललो आहे. ती म्हणाली, "बराबर हाय. आम्ही तुला जगवलं, त्यांनी तुला कामाला लावलं." आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. रेणापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी नांदेडला बी.एस्सी.ला आलो आणि पास झालो. पण पदवीचं करायचं काय, हे घरात कोणाला माहीत नव्हतं आणि कॉलेजात कोणी सांगितलं नाही. ते सरांनी सांगितलं. आणि सरांनी आयुष्यात मनापासून जी एकच गोष्ट मागितली, ती माझ्या हातून मोडली. दोन्ही सांगायचं आहे, म्हणून लिहितो.

नांदेडला स्टेशनच्या बाजूला एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत कॉम्प्युटरची शिकवणी चालायची. सर तिथं वेबसाइट बनवायला शिकवत. चाळिशीतला उंच माणूस, जरा पोक काढून चालणारा. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मे महिन्यातसुद्धा मनगटाची बटनं लावलेली. वरच्या खिशात दोन पेनं आणि पँटच्या खिशात भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. शेंगा खाण्यासाठी आहेत असं मला आठवडाभर वाटत होतं. मग कळलं की ते त्यांचं माप आहे.

ते असं. आम्ही एखादं पान तयार केलं की सर स्वतःचा जुना, बारक्या पडद्याचा फोन घेऊन खिडकीशी जात. फोनवर ते पान उघडायला लावत आणि ते येईपर्यंत शांतपणे शेंगा सोलत बसत. पान पूर्ण आलं की सोललेल्या शेंगा मोजत.

"अकरा," ते मला पहिल्यांदा म्हणाले. "अकरा शेंगांत तर माणूस जेवून हात धुतो रे ज्ञानबा. तवर कोण बसंल तुझ्या दारात?"

मी म्हणालो, "सर, इथल्या कॉम्प्युटरवर लगेच उघडतंय."

"इथल्या कॉम्प्युटरवर बघणारा इथंच बसलाय. त्याला वेबसाइट कशाला पाहिजे?"

मग त्यांनी माझं पान आतून उघडलं. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेबसाइटच्या पानाला नुसता मजकूर असून भागत नाही. ते कसं दिसावं हे सांगणाऱ्या वेगळ्या फाइली असतात, त्यांना स्टाइलशीट म्हणतात. पानावर काही हलायचं असेल, बटन दाबल्यावर काही घडायचं असेल, तर त्यासाठी स्क्रिप्टच्या फाइली असतात. आणि प्रत्येक पानाचा वरचा भाग, म्हणजे हेडर, एकदाच लिहून सगळ्या पानांना तोच लावतात. मी पोरगा हौशी. जिथं जे छान दिसलं ते उचलून आणलं होतं आणि हेडरमध्ये ठोकून दिलं होतं.

सरांनी एकेका फाइलवर बोट ठेवलं. "ही कुणाची हाय?"

"माहीत नाही सर."

"काढ. बघू कोण रडतंय."

काढली. पानाला काही झालं नाही. दुसरी काढली, तिसरी काढली. अशा नऊ फाइली काढल्या आणि पान होतं तसंच राहिलं. वर्गातली पोरं हसत होती, मीही हसायला लागलो. सर हसले नाहीत. त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला लावली आणि प्रत्येक पानावर उभी रेघ मारायला सांगितली. डावीकडं फाइलीचं नाव, उजवीकडं ती कोणत्या पानाला लागते ते. "उजवी बाजू मोकळी असली तर फाइल ठेवायची न्हाई. आणि उजवीकडं एकाचं बी नाव असलं, तर त्याला इचारल्याबिगर काढायची न्हाई."

त्यांचे नियम तीन-चारच होते आणि ते त्यांच्या भाषेत होते. दिसण्याच्या फाइली वर, हलण्याच्या फाइली खाली, याला ते म्हणत, "पान आधी कपडे घालून दारात येऊ दे, कसरती मागून." ज्या पानाला जी फाइल लागते तेवढीच त्याने नावानं मागायची, आणि साच्यानं, म्हणजे सगळी पानं ज्यावरून बनतात त्या मूळ आराखड्यानं, ती एकदाच वाढायची, दोन पानांनी मागितली म्हणून दोनदा नाही. आणि शेवटचा नियम, हेडर सगळ्यांचं असतं, त्याला एकट्यानं हात लावायचा नाही.

वर्षभरानं सरांना लातूरला एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये वेबसाइटच्या कामाला बोलावलं. जाताना त्यांनी मला विचारलं, "येतोस का? पगार कमी हाय, पण शिकशील." मी त्याच आठवड्यात बिऱ्हाड हलवलं.

लातूरला तेव्हा क्लासची नुसती धामधूम होती. ज्या गल्लीत जाल तिथं हॉस्टेल आणि मेस. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, इतके मोठे की खालून जाणारी खरी मुलं लहान वाटायची. आमच्या क्लासचे संचालक वाडीकर सर. ते मूळचे भौतिकशास्त्राचे शिक्षक, बोलायला गोड, आणि दर पंधरा दिवसांनी त्यांना वेबसाइटवर नवीन काही तरी पाहिजे असायचं. कधी सरकणारे फोटो, कधी पळणारी अक्षरं, कधी पान उघडताच वाजणारं संगीत.

"बिराजदार," ते म्हणायचे, "दुसऱ्यांच्या वेबसाइट बघा, लग्नाचा मंडप. आपली बघा, तेराव्याची चिठ्ठी."

सर म्हणायचे, "तेराव्याची चिठ्ठी सगळे वाचतात साहेब."

वाडीकर सर मोठ्यानं हसायचे आणि तरी फोटो सरकवायलाच लावायचे. सर ते करायचे, पण त्यासाठी दोन जुन्या फाइली बाहेर काढून. एवढी ओढाताण कशासाठी, असं मी एकदा विचारलं. दुपारी डबा खाताना त्यांनी जे सांगितलं ते एकदाच सांगितलं, पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

सर भूकंपाच्या पट्ट्यातले. भूकंप झाला तेव्हा ते लातूरला खोली करून कॉलेज शिकत होते, म्हणून वाचले. वडील आणि धाकटा भाऊ गेले. आमच्याकडं जुन्या घरांना माळवद असायचं, म्हणजे लाकडावर माती थापून केलेलं सपाट छत. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर पांढरी माती टाकायची. "नवी टाकायची, पण जुनी कुणी काढायचं न्हाई," सर म्हणाले. "आज्यानं टाकलेल्या मातीवर बापानं टाकलेली. आमी उकरत होतो तवा थर दिसत होते, येगयेगळ्या रंगाचे. हातभर माती. गळू नये म्हणून टाकलेली." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "घर कशानं पडलं हे सगळे सांगतात. माणूस कशानं मेला ते त्या मातीला इचारायला पाहिजे." आणि उठून हात धुवायला गेले.

त्यांचं अक्षर चांगलं होतं म्हणून तेव्हा त्यांना याद्या करायला बसवलं होतं. कोणाच्या घरी किती होते, किती राहिले, कोणाला पत्रे मिळाले, कोणाला नवीन घर. हे याद्यांचं मला पुढं त्यांच्या गावात कळलं.

तिसऱ्या वर्षी सरांनी वाडीकर सरांकडं स्वतःहून काही मागितलं. मी तिथंच उभा होतो.

"साहेब, एक मागू?"

"मागा की. पगार सोडून काहीही मागा."

"आमच्याकडच्या गावांतल्या पोरांसाठी दहा जागा. फी माफ, हॉस्टेल माफ. पोरं हुशार हैत, पण लातूरच्या खोलीचं भाडं ऐकूनच घरी बसतात."

वाडीकर सरांनी पेन खाली ठेवलं. विचार केला. ते वाईट माणूस नव्हते. "देतो," ते म्हणाले. "पण माझ्या ऑफिसात गर्दी नको. अर्ज वेबसाइटवरच घ्यायचे, तुमचंच खातं आहे. भरपूर अर्ज आले तर समजेन की गरज आहे, जागा दर वर्षी ठेवीन. नाही आले तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," सर म्हणाले.

त्या दिवसापासून सरांना दुसरं काही सुचेना. दर रविवारी सकाळची एस.टी. धरून ते एकेका गावाच्या शाळेत जायचे, मुख्याध्यापकांना भेटायचे, दहावीची मुलं समोर बसवून सांगायचे. कोण कोण अर्ज भरणार त्यांची नावं स्वतःच्या फाइलींच्या वहीत मागच्या बाजूला लिहून आणायचे. अर्जाचं पान त्यांनी स्वतः बनवलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, नाव, गाव, शाळा, टक्के, आणि खाली एक बटन. त्या पानाला त्यांनी दोनच फाइली दिल्या. एक पायाभूत स्क्रिप्ट, जिच्यावर बाकीचं चालतं, आणि दुसरी तिच्यावर बसणारी, बटन दाबल्यावर अर्ज तपासून पाठवणारी. खिडकीत उभं राहून त्यांनी ते पान फोनवर उघडलं आणि मला ओरडून बोलावलं.

"ज्ञानबा! तीन शेंगा!"

सर इतके खूश झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही.

अर्ज पंधरा दिवस घ्यायचे होते. पहिल्याच दिवशी दोन आले. सरांनी मला चहा पाजला. तिसऱ्या दिवशी त्यांना नायगावला जावं लागलं, भाचीचं लग्न होतं. बहीण विधवा, मामा म्हणून सगळं त्यांनाच बघायचं. जाताना त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली.

"बाकी काय बी कर. हेडरला हात लावू नको. लावायचीच पाळी आली तर मला फोन कर."

पाचव्या दिवशी, अर्ज चार झालेले असताना, बाहेरच्या एका मोठ्या परीक्षेचा निकाल लागला. आमच्या क्लासची मुलं चांगली आली. वाडीकर सर स्वतः आमच्या खोलीत आले, हातात पेढ्यांचा बॉक्स. त्यांना वेबसाइट उघडताच मुलांचे फोटो झळकलेले पाहिजे होते, फुलं पडताना, आणि तासाभरात. "दुसऱ्या क्लासनं लावलंसुद्धा," ते म्हणाले. मी म्हणालो, सरांना विचारतो. ते म्हणाले, "लग्नात आहेत ते. एवढंही तुम्हाला येत नाही का?"

मला येत होतं. ते दाखवायचंही होतं. मी तयार मिळणारा कोडचा तुकडा आणला आणि सगळ्यात सोपी जागा निवडली, हेडर. त्या तुकड्याबरोबर त्याची स्वतःची पायाभूत स्क्रिप्ट होती, आमच्या साच्यात असलेलीच, पण जुनी. मी ती तशीच राहू दिली. पहिलं पान उघडून पाहिलं. फोटो झळकले, फुलं पडली. वाडीकर सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुमची नोकरी पक्की करू." मी बहिणीला फोन करून ते सांगितलं. सरांना फोन केला नाही.

हेडर सगळ्या पानांचं असतं. अर्जाच्या पानावरही माझा तुकडा गेला. तिथं पायाभूत स्क्रिप्ट दोनदा आली. तुकडा वर होता, पण त्याची जुनी स्क्रिप्ट पान उघडून झाल्यावर मागून यायची; तिनं आधीची पुसली, आणि आधीच्या फाइलीवर बसलेली, अर्ज पाठवणारी फाइल अधांतरी लटकली. पान दिसायला ठीक होतं. चौकटींत लिहिता येत होतं. फक्त बटन दाबलं की काहीच होत नव्हतं, चूक झाल्याचा निरोपही येत नव्हता.

शहरातले प्रवेश ऑफिसच्या खिडकीवर व्हायचे, म्हणून क्लासमधल्या कोणी ते पान उघडलंच नाही. मी रोज सकाळी अर्जांचा आकडा बघायचो. चार. दुसऱ्या दिवशी चार. मला वाटायचं, गावाकडचे लोक, शेवटच्या दिवशी येतील. शेवटच्या दिवशीही चारच होते.

सर दुसऱ्या दिवशी सकाळी आले, हाताला हळद तशीच. आकडा बघितला. फोन काढून खिडकीशी गेले, स्वतःचं नाव, गाव घालून बटन दाबलं. पुन्हा दाबलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी साचा उघडला. हेडर वाचायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असेल. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. वहीत एक ओळ लिहिली, "पायाची फाइल दोनदा," आणि ते वाडीकर सरांकडं गेले.

वाडीकर सर म्हणाले, "आले त्या चौघांना घेऊ, पण बॅच सुरू झाली बिराजदार. आणि बटन बंद असतं तर एकानं तरी फोन केला असता. पानाखाली नंबर आहे. एक फोन नाही. मला एक तरी माणूस दाखवा, जो म्हणेल की मी भरायला गेलो होतो."

रविवारी आम्ही दोघं सरांच्या गावी गेलो. भूकंपानंतर वसवलेलं गाव ते. सारख्या घरांच्या सरळ रांगा, घराघरामध्ये इतकी जागा की शेजाऱ्याला हाक मारायलाही ओरडावं लागतं. शिवाप्पा म्हणून सरांचे दूरचे नातेवाईक होते. त्यांची मुलगी महानंदा दहावीला शाळेत पहिली आलेली. शिवाप्पा ओट्यावर बसून दोरखंड वळत होते.

"पोरीचा फारम भरला का न्हाई?" सरांनी विचारलं.

"भरला की. फाट्यावरच्या दुकानात गेलतो दोघं. तिनं समदं बराबर लिवलं. शेवटाला बटन दाबलं, काय झालंच न्हाई. चार डाव दाबलं. दुकानवाला म्हनला, माझी मशीन चांगली हाय."

"मग फोन करायचा की मामा! नंबर हुता खाली."

"करून काय म्हनायचं? आमाला का घेतलं न्हाई म्हून भांडायचं?"

महानंदा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मला वाटलं टक्के कमी पडले असतील. टक्के लिहिले आणि तिथंच थांबलं ते."

"कमी न्हवते गं," सर म्हणाले. "तुझे लई होते."

"दुसऱ्या घरची पोरं बी गेलती," शिवाप्पा म्हणाले. "त्यांचं बी तसंच झालं. मग समजलं, आपल्या गावाचं नाव न्हाई त्यात." त्यांनी दोरखंड पायाच्या अंगठ्याला अडकवला. "गुरुनाथ, याद्या तूच करीत हुतास की तवा. यादीत ज्याचं नाव न्हाई त्यो काय करायचा? बघायचा आन् घरी जायचा. आमी बी घरी आलो."

सरांनी त्यांना लातूरला येऊन वाडीकर सरांना एवढंच सांगायची विनंती केली. शिवाप्पा नाही म्हणाले. रागानं नाही, समजुतीनं. "आता कशाला? यादी लागली आसंल. आन् तुझ्या साहेबापुढं तुलाच खाली बघायला लागंल. ऱ्हाऊ दे." अजून तीन घरी गेलो. सगळीकडं चहा मिळाला. यायला कोणी तयार झालं नाही.

सोमवारी वाडीकर सरांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे, मानलं. बटन बंद होतं. कोणी केलं बंद?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. टेबलावर पाण्याचा तांब्या होता, मी त्याच्याकडं बघत होतो. वाडीकर सर विसरले होते की तो तुकडा त्यांनीच मागितला होता. त्यांना वाटत होतं की फुलं पडतात त्याचा आणि अर्जाचा काय संबंध.

"जिम्मेदारी माझी हाय," सर म्हणाले. "मी रजेवर गेलो."

"मग ठरलं होतं तसं. जागांचा विषय संपला." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि बिराजदार, वेबसाइट पुण्याच्या कंपनीला देतोय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आता कामच मोठं झालंय."

जिन्यात सर माझ्या पुढं चालत होते. खालच्या पायरीवर थांबून त्यांनी मागं बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "डबा आणलास का आज?"

त्यांचे शेवटचे आठ दिवस मला चांगले आठवतात. नवीन वेबसाइट येणार होती, जुनी पूर्ण पुसली जाणार होती, आणि सर रोज वेळेवर येऊन जुनीच साफ करत होते. माझा तुकडा त्यांनी हेडरमधून काढला, नीट बांधला आणि फक्त पहिल्या पानाला नावानं मागायला लावला. फुलं पडायची तशीच पडत राहिली, अर्जाचं बटनही चालू झालं. मी म्हणालो, "सर, हे सगळं जाणारच आहे ना?" ते म्हणाले, "जाईपर्यंत लोक उघडतातच की." पुण्याहून आलेल्या मुलाला त्यांनी वही दाखवली. त्यानं अदबीनं दोन पानांचे फोटो काढले आणि म्हणाला, नाइस. वही टेबलावरच राहिली. सर जाताना ती घेऊन गेले.

ते नायगावला बहिणीकडं गेल्याचं कळलं. माझी नोकरी दिवाळीला पक्की झाली. पुढं मी त्याच पुण्याच्या कंपनीत लागलो. आज घर आहे, आईला दवाखाना परवडतो. सगळं त्या दोनशे पानी वहीतून आलेलं आहे.

मागच्या वर्षी कॉलेजातून एक दाखला काढायला नांदेडला गेलो होतो. ऑटोतून उतरलो तिथं समोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान होतं. आत सर बसलेले दिसले. केस पांढरे, शर्ट तसाच, मनगटाची बटनं लावलेली. त्यांच्याभोवती कुठल्या तरी भरतीचा फॉर्म भरायला आलेली दहा-बारा पोरं होती. पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं. एक पोरगं वैतागून म्हणालं, "काका, हे कधी उघडणार?" सरांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. म्हणाले, "बस. मोठ्या लोकांच्या वेबसाइट असतात, येळ लागतोच." आणि हात मांडीवर ठेवून चक्राकडं बघत राहिले.

मी रस्त्याच्या या बाजूला किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. आत गेलो नाही. घरी येऊन पत्र लिहिलं आणि बहिणीच्या नायगावच्या पत्त्यावर पाठवलं, तेवढाच पत्ता माझ्याकडं होता. ते परत आलं नाही, आणि उत्तरही आलं नाही. पत्र असं होतं:

आदरणीय सर,

ज्ञानोबाचा नमस्कार. परवा मी तुम्हाला नांदेडला बघितलं. समोर यायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितोय.

हेडरमध्ये तो तुकडा मी टाकला होता. तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं, पण मी कधी तोंडानं सांगितलं नाही, म्हणून आज सांगतो. तुम्हाला फोन करायला हवा होता, केला नाही. नंतर दहा दिवस मी रोज अर्जांचा आकडा बघत होतो. एकदा जरी ते पान उघडून बटन दाबून बघितलं असतं, तर दोन मिनिटांचं काम होतं. मी गावाकडचा असून मला वाटलं, गावाकडची माणसं आळशी असतात.

वाडीकर सरांनी विचारलं, कोणी केलं, तेव्हा मी गप्प बसलो. नोकरी जाईल अशी भीती वाटली. तुम्ही त्यानंतरही मला डब्याबद्दल विचारलंत.

गेल्या महिन्यात मी वाडीकर सरांना भेटलो आणि खरं ते सांगितलं. त्यांनी चहा मागवला, माझ्या पगाराची चौकशी केली, आणि म्हणाले, "कुठल्या जागा?" त्यांना आठवत नव्हतं. आता क्लासच्या तीन इमारती आहेत. मी पुन्हा दहा जागांचं बोलून बघितलं. ते म्हणाले, तिकडून मागणी नसते हो, आम्ही एकदा करून बघितलं होतं.

म्हणजे हे आता माझ्याच्यानं दुरुस्त होणार नाही. ती मुलं केव्हाच मोठी झाली असतील. महानंदाचं नाव मला माहीत आहे, कारण ती दारात उभी होती. बाकीच्यांची नावं मी कधी विचारली नाहीत. तुम्ही शाळेशाळेत जाऊन ती वहीत लिहिली होती. वही तुमच्याकडं असेल तर, सर, ती नावं मला कळवा. मी त्यांच्यासाठी काही करू शकेन असं नाही, तसं खोटं लिहीत नाही. पण मी इतकी वर्षं त्या मुलांना "चारच अर्ज आले" एवढंच म्हणत आलोय. त्यांना नावं होती.

तुमचा विद्यार्थी,
ज्ञानोबा